हाडांची बेगमी

गेल्या डिसेंबरात माझी भाची सोसायटीच्या अंगणात लंगडी खेळताना पडली. पडली म्हणजे अगदी बसल्यासारखीच पडली. तोल जाताना हात टेकला आणि मनगटाच्या वरचं हाड मोडलं. वय वर्षं बारा. प्लास्टर घालून घरी आल्यावर ताईच्या तोंडी एकच वाक्य होतं, “एवढ्याशानं मोडतं का गं हाड? नुसती उंच वाढतेय, अंगात जीव नाही.” आणि लगेच पुढचं, “आता खेळणं बंद.”

पहिलं वाक्य अर्धं खरं होतं. दुसरं पूर्ण चुकीचं होतं, आणि त्यावरून आम्हा बहिणींचा वादही झाला. हा लेख त्या वादातून सुचला. घरात आठ-नऊ वर्षांपासून अठरापर्यंतचं मूल असेल, तर तो तुमच्यासाठी आहे.

आधी मोडलेल्या मनगटाविषयी. मुलांची हाडं टोकापाशी वाढतात. तिथे कूर्चेचा एक मऊ थर असतो. त्यातून नवं हाड तयार होऊन लांबी वाढते आणि मग त्या नव्या हाडात कॅल्शियम व फॉस्फरसचे क्षार भरत जातात. लांबी आधी वाढते, भरणी मागून होते. एरवी हे अंतर जाणवत नाही. पण वयात येताना मूल वर्षाला सात-आठ सेंटीमीटरनं उंचावतं, तेव्हा भरणी साधारण सहा महिने ते वर्षभर मागे पडते. त्या काळात हाड लांब झालेलं असतं, पण पुरतं भरलेलं नसतं. मुलींमध्ये अकरा-बाराच्या आणि मुलांमध्ये तेरा-चौदाच्या सुमारास हाताची हाडं सर्वांत जास्त मोडतात, ती यामुळे. एकदा असं हाड मोडलं म्हणजे मूल कमकुवत आहे, असं नाही. त्याची भरणी चालू आहे, एवढंच ते सांगतं. मात्र ती नीट चाललीय का, हे बघण्याची वेळ हीच.

आपल्याकडे उन्हाळ्यात वर्षाची बेगमी करायची रीत आहे. डाळी, तिखट, पापड, कुरडया ऊन आहे तोवर करून ठेवायच्या. पाऊस सुरू झाल्यावर कुरडया वाळत नाहीत. हाडांचंही तसंच आहे. मोठेपणी माणसाच्या हाडांत जेवढे क्षार असतात, त्यातला सुमारे पाव भाग उंची झपाट्यानं वाढण्याच्या आसपासच्या फक्त दोन वर्षांत साठतो. अठराव्या ते विसाव्या वर्षापर्यंत जवळजवळ 90 टक्के साठा होऊन जातो. तिशीनंतर त्यातून हळूहळू खर्च सुरू होतो आणि पाळी गेल्यावर बायकांचा तो भराभर होतो. एका गणिती अभ्यासानं असा अंदाज काढला आहे, की तरुणपणीचा हा साठा दहा टक्क्यांनी जास्त असेल, तर हाडं ठिसूळ होण्याचं दुखणं सुमारे तेरा वर्षांनी पुढे ढकललं जातं. पासष्टाव्या वर्षी न्हाणीघरात घसरून खुबा मोडलेली आजी आणि आज शाळेत जाणारी तिची नात यांच्यात हा असा धागा आहे.

साठा किती होणार, हे बऱ्याच अंशी रक्तातून ठरतं. 60 ते 80 टक्के वाटा अनुवंशाचा असतो. आईची किंवा आजीची हाडं लवकर मोडली असतील, तर मुलीकडे जास्त लक्ष द्यायला हवं. पण उरलेला भाग आहार, ऊन, खेळ, हार्मोन्स आणि काही आजार-औषधं यांवर ठरतो, आणि त्यातलं बरंचसं आपल्या हातात असतं.

मला खरी काळजी वाटते ती पुढच्या गोष्टीची. ज्या दोन-चार वर्षांत हाडं भरतात, नेमक्या त्याच वर्षांत आपण मुलांच्या हातातला दुधाचा पेला, डोक्यावरचं ऊन आणि पायाखालचं मैदान काढून घेतो. पाचवी-सहावीपर्यंत “दूध संपव” म्हणून मागे लागणारी आई सातवीनंतर थकते. आठवीपासून क्लास सुरू होतात. मुलगी ‘मोठी’ झाली की तिला खाली खेळायला पाठवणं बंद होतं. भाचीच्या घरी तर प्लास्टरचं निमित्तही मिळालं होतं.

ताटात काय हवं

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी 2020 मध्ये ठरवून दिलेलं कॅल्शियमचं रोजचं प्रमाण असं आहे: सात ते नऊ वर्षांसाठी 650 मिलिग्रॅम, दहा ते बारासाठी 850, तेरा ते पंधरासाठी 1000 आणि सोळा ते अठरासाठी 1050. म्हणजे नववी-दहावीतल्या मुलाची गरज त्याच्या आई-बाबांपेक्षा कमी नाही.

आता आपल्या घरातला एक नेहमीचा दिवस घ्या. सकाळी चहा-पोळी किंवा चहा-खारी. डब्यात पोळी आणि बटाट्याची भाजी. दुपारी वरणभात. संध्याकाळी क्लासहून आल्यावर झटपट नूडल्स. रात्री पुन्हा पोळी-भाजी. पोट भरतं, पण गहू, तांदूळ आणि बटाटा यांत कॅल्शियम अगदी थोडं असतं. चहात जाणारं दूध अर्धी वाटीसुद्धा नसतं. असा दिवस मी कागदावर मांडून पाहिला, तेव्हा बेरीज तीनशे मिलिग्रॅमच्या पुढे जाईना.

त्याच ताटात थोडे फेरफार करू. गाईच्या किंवा म्हशीच्या शंभर मिलिलिटर दुधात सुमारे 120 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, म्हणजे मध्यम पेलाभर दुधात 240. दीड वाटी दही खाल्लं तर 180 च्या आसपास. नाचणीच्या शंभर ग्रॅम पिठात साडेतीनशेहून जास्त असतं, म्हणून पन्नास ग्रॅम पिठाच्या एका भाकरीतून पावणेदोनशे मिळतं. दोन-तीन चमचे तिळकूट भाकरीवर घेतलं तर आणखी शंभर-सव्वाशे. मेथीच्या जुडीतली शंभर ग्रॅम पानं पोटात गेली तर त्यात पावणेतीनशे. ही बेरीज सहज हजाराकडे जाते आणि यात बाजारातला एकही डबा लागत नाही.

दूध आवडत नाही, किंवा प्यायल्यावर पोट फुगतं, अशी तक्रार वयात येणारी मुलं बरेचदा करतात. पोट खरंच बिघडत असेल तर दही-ताक बहुधा सोसतं, कारण विरजणात दुधातली साखर काही प्रमाणात पचून गेलेली असते. जेवणाबरोबर घट्टसर ताक, उन्हाळ्यात नाचणीची आंबील, थालीपिठाबरोबर दही, पनीरची भुर्जी, हे सगळं चालतं. साजूक तूप आणि लोणी मात्र हाडांच्या हिशेबात धरू नका. कॅल्शियम ताकात राहतं, लोण्यात येत नाही.

नाचणीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. घरोघरी नाचणीचं सत्त्व करतात: नाचणी भिजवून, वाटून, फडक्यातून गाळून खाली बसलेला साका वाळवायचा. वर्षाच्या आतल्या बाळाला ते पचायला हलकं असतं, म्हणून ठीकच. पण नाचणीतलं कॅल्शियम मोठ्या प्रमाणात तिच्या सालीत असतं आणि गाळताना नेमका चोथा टाकला जातो. दहा वर्षांच्या मुलाला सत्त्वाची खीर देण्यापेक्षा सालीसकट दळलेल्या पिठाची भाकरी, घावन, लाडू किंवा आंबील द्या. नाचणीला मोड आणून, वाळवून दळली किंवा पीठ रात्रभर आंबवलं, तर धान्यातलं फायटेट कमी होतं आणि कॅल्शियम अंगी लागायला मदत होते. आपल्या आज्या हे फायटेट हा शब्द न ऐकताच करत होत्या.

तिळाचंही असंच. पांढरेशुभ्र, साल काढलेले तीळ दिसायला छान असतात, पण सालीबरोबर बरंचसं कॅल्शियम गेलेलं असतं. साधे, पॉलिश न केलेले तीळ भाजून कुटा. अख्खे तीळ मुलं नीट चावत नाहीत आणि ते तसेच बाहेर पडतात. संक्रांतीपुरतेच तीळ घरात आणू नका. तिळाची, कारळ्याची चटणी बारा महिने ताटात असू द्या.

पालेभाज्यांत एक गोम आहे. पालक, माठ, चाकवत, आंबट चुका, अळू यांत ऑक्झलेट जास्त असतं आणि ते कॅल्शियमला धरून ठेवतं. पालकातलं जेमतेम पाच टक्के कॅल्शियम शरीर उचलतं, दुधातलं तीस टक्क्यांच्या आसपास. अळूचं फदफदं किंवा पालकाची भाजी बंद करायची गरज नाही, त्यात इतर चांगलं खूप आहे. पण हाडांसाठी भरवसा ठेवायचा तर मेथी, मुळ्याचा पाला, नवलकोलाचा पाला यांवर ठेवा. कुळीथही विसरू नका. त्याच्या शंभर ग्रॅममध्ये अडीचशेहून जास्त मिलिग्रॅम असतं, आणि कुळथाचं पिठलं कोकणाबाहेरही मुलांना आवडतं.

मासे खाणाऱ्या घरांना एक सोय आहे. काट्यांसकट किंवा कवचासकट खाल्ली जाणारी मासळी म्हणजे कुरकुरीत तळलेली मांदेली, सुका जवळा, बारीक सुकट. त्या काट्यांत आणि कवचांतच कॅल्शियम आहे. सुकी मासळी खारवलेली असेल तर आधी धुऊन घ्या. तारली आणि बांगडा यांच्या चरबीत ड जीवनसत्त्वही असतं, जे आपल्या शाकाहारी ताटात जवळजवळ नसतंच. पायाच्या सूपवर मात्र लोकांचा उगाच विश्वास आहे. हाडं कितीही उकळली तरी पाण्यात फारसं कॅल्शियम उतरत नाही.

गव्हाएवढा चुना ताकात किंवा उसाच्या रसात घालून मुलांना द्या, असे निरोप मोबाइलवर फिरत असतात. देऊ नका. चुना दाहक असतो, त्यात काय मिसळलंय हे कळत नाही आणि ‘गव्हाएवढा’ हे काही माप नव्हे. तोंड आणि अन्ननलिका भाजण्याचा धोका खरा आहे.

हाडाचा सांगाडा प्रथिनांच्या जाळीचा असतो आणि त्या जाळीत कॅल्शियम बसतं. त्यामुळे डाळ, उसळ, अंडं, दूध, मासे यांतलं काहीतरी प्रत्येक जेवणात हवं. वजन कमी करण्याच्या नादात जेवण टाळणाऱ्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलींची हाडं दोन बाजूंनी उपाशी राहतात. मीठ जास्त गेलं की लघवीवाटे कॅल्शियम जास्त जातं, म्हणून वेफर्स, पापड, लोणची आणि नूडल्सबरोबरचा मसाला रोज नको. कोलासारख्या पेयांचा मुख्य तोटा असा की ती दूध-ताकाची जागा घेतात.

पुण्यातल्या हिराबाई कावसजी जहांगीर वैद्यकीय संशोधन संस्थेत लहान मुलांच्या हाडांवर बरीच वर्षं काम चालू आहे. तिथल्या संशोधकांनी गरीब वस्तीतल्या दोन-तीन वर्षांच्या मुलांना कॅल्शियमयुक्त लाडू वर्षभर दिले आणि सोबत ड जीवनसत्त्व दिलं. लाडवातून जास्त कॅल्शियम मिळालेल्या मुलांच्या हाडांत क्षारांची भर जास्त पडली. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेला हा छोटासा प्रयोग मला आवडतो, कारण त्यात औषधाची बाटली नाही, लाडू आहे.

कोवळं ऊन पुरत नाही

खाल्लेलं कॅल्शियम आतड्यातून रक्तात येण्यासाठी ड जीवनसत्त्व लागतं, आणि ते मुख्यतः उन्हामुळे आपल्या कातडीत तयार होतं. ‘एवढं ऊन असलेल्या देशात कसली कमतरता?’ असं वाटेल. पण 2016 ते 2018 या काळात देशभर झालेल्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलांपैकी 24 टक्क्यांमध्ये ड जीवनसत्त्वाची कमतरता आढळली. एक ते चार वर्षांच्या मुलांत हे प्रमाण 14 टक्के होतं. म्हणजे मूल जसं मोठं होत घराबाहेरून घरात येतं, तशी कमतरता वाढते.

आपण बाळाला न्हाऊ घालून सकाळच्या कोवळ्या उन्हात ठेवतो. ती ऊब छान असते, पण ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण त्या तिरप्या उन्हात जवळजवळ नसतात. ते किरण पोचतात सूर्य वर चढल्यावर. ओळखायची सोपी खूण म्हणजे आपली सावली. सावली आपल्या उंचीपेक्षा लहान असेल, तर ऊन कामाचं. मे महिन्यात महाराष्ट्रात ही वेळ सकाळी साडेनऊच्या आधीच येते, म्हणून विदर्भ-मराठवाड्याच्या रणरणत्या दुपारी मुलांना बाहेर काढायची गरज नाही. सकाळी साडेनऊ ते साडेदहा पुरे. डिसेंबरात मात्र सूर्य इतका खाली असतो, की दुपारी बारा ते एकच्या आसपासच सावली तेवढी आखूड होते. ती शाळेच्या मधल्या सुट्टीची वेळ.

म्हणून माझी शिक्षकांना कळकळीची विनंती आहे. मधल्या सुट्टीत मुलांना वर्गात डबा खायला बसवू नका, मैदानावर सोडा. आणि परीक्षा जवळ आली म्हणून पीटीचा तास गणिताला देऊ नका.

अर्धा तास, हात-पाय-चेहरा उघडा, आठवड्यातले बरेचसे दिवस, असा अंदाज ठेवा. सावळ्या कातडीला गोऱ्या कातडीपेक्षा जास्त वेळ लागतो. खिडकीच्या काचेतून येणारं ऊन चालत नाही, कारण काच नेमके ते किरण अडवते. तीच गोष्ट बंद काचेच्या स्कूलबसची. पावसाळ्याचे चार महिने ढग आणि शहरातली धूळ-धूर हेही अडसर असतात. मुलगी अंगभर कपडे घालत असेल, तर गच्चीत किंवा घराच्या मागच्या अंगणात तिच्यासाठी वेळ काढा. वजन जास्त असलेल्या मुलांमध्ये हे जीवनसत्त्व चरबीत अडकतं आणि रक्तात कमी राहतं, म्हणून त्यांच्याकडे विशेष लक्ष हवं. तान्ह्या बाळाला भर उन्हात ठेवू नका. त्याला डॉक्टर रोज 400 युनिटचे थेंब पहिलं वर्षभर देतात, ते न चुकता द्या. आईच्या दुधात हे जीवनसत्त्व पुरेसं नसतं.

उडी मारल्याशिवाय हाड भरत नाही

आता तो वाद. ताईचं म्हणणं, हाड मोडलं म्हणून खेळ बंद. माझं म्हणणं, हाड भरायला खेळच लागतो. हाडावर धक्का, ताण, वजन पडलं की आतल्या पेशींना निरोप जातो, की इथे भर घाला. निरोप गेला नाही, तर कितीही दूध प्या, भर कमी पडते. अंतराळवीर भारहीन अवस्थेत असतात तेव्हा त्यांच्या खुब्याच्या हाडातले क्षार महिन्याला एक ते दीड टक्क्यानं घटतात, तेही उत्तम आहार चालू असताना. उलट लहानपणापासून टेनिस खेळणाऱ्यांच्या रॅकेट धरणाऱ्या हाताचं हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड आणि भक्कम असतं. माणूस तोच, रक्त तेच, जेवण तेच. फरक फक्त वापराचा.

पोहणं आणि सायकल चालवणं हृदयाला, दमाला उत्तम, पण त्यात शरीराचं वजन पाणी किंवा सीट पेलते, म्हणून हाडांसाठी तेवढंच पुरत नाही. उड्या हव्यात, दिशा बदलत धावणं हवं. आपले खेळ यासाठी जणू मुद्दाम बनवल्यासारखे आहेत: लंगडी, खो-खो, कबड्डी, ठिकऱ्या, लगोरी, दोरीवरच्या उड्या, झिम्मा-फुगडी. मल्लखांब हाताच्या आणि खांद्याच्या हाडांना भार देतो, जो एरवी मिळत नाही. जागतिक आरोग्य संघटना पाच ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी तासभर दमवणारी हालचाल आणि आठवड्यातून किमान तीन दिवस हाडं-स्नायू बळकट करणारे व्यायाम सांगते. फ्लॅटमध्ये राहत असाल तर दोरी आणा. सकाळी पन्नास उड्या, संध्याकाळी पन्नास. एका दमात शंभर मारण्यापेक्षा असं विभागून मारणं हाडांना जास्त मानवतं, कारण सलग धक्क्यांनंतर पेशी ते निरोप ऐकेनाशा होतात आणि थोड्या विश्रांतीनं पुन्हा ऐकू लागतात.

या उड्यांचा फायदा वयात येण्याच्या थोडं आधी आणि त्या सुमारास सर्वांत जास्त मिळतो. मुलींच्या बाबतीत पाळी सुरू होण्याच्या आसपासची वर्षं म्हणजे साधारण दहा ते चौदा. त्याच वयात आपण तिला म्हणतो, “आता उड्या मारत हिंडू नको.” हे वाक्य मी लहानपणी ऐकलेलं आहे, तुमच्यापैकी अनेकींनी ऐकलं असेल. पुढच्या मुलीला ते ऐकावं लागू नये, एवढं आपण करू शकतो. पाळीच्या दिवसांतही खेळायला काही हरकत नसते. तिला बरं वाटत असेल तर जाऊ द्या.

याची दुसरी बाजूही आहे. धावण्याच्या, जिम्नॅस्टिक्सच्या किंवा नृत्याच्या कसून सरावात असलेली मुलगी पुरेसं खात नसेल, तर तिची पाळी थांबू शकते. पाळी थांबणं म्हणजे हाडं भरणारं इस्ट्रोजेन कमी पडणं. ‘बरंच झालं, स्पर्धेच्या वेळी कटकट नाही’ असं म्हणून सोडून देऊ नका. सलग तीन महिने पाळी आली नाही, किंवा पंधरा वर्षं पूर्ण होऊनही सुरूच झाली नाही, तर डॉक्टरांकडे जा.

सरावाइतकीच झोप लागते. वाढीचं हार्मोन गाढ झोपेत जास्त स्रवतं आणि वयात येणाऱ्या मुलांना आठ ते दहा तास झोप हवी असते.

गोळ्या आणि पावडरी

उंची वाढवण्याचं आश्वासन देणाऱ्या पावडरींत साखर किती आहे, ते डब्याच्या मागे वाचा. कॅल्शियम दुधातूनही मिळतंच.

मला जास्त भीती वाटते ती ड जीवनसत्त्वाच्या 60 हजार युनिटच्या पुड्यांची आणि कॅप्सूलची. त्या बहुधा आठवड्यातून एक आणि तीही ठरावीक आठवडेच घ्यायच्या असतात. ‘रोज एक’ असा गैरसमज होऊन, किंवा शेजारणीच्या मुलाला दिलेली चिठ्ठी आपल्या मुलाला लावून ती दिली गेली, तर रक्तातलं कॅल्शियम धोकादायक वाढतं. उलट्या, बद्धकोष्ठ, सारखी तहान, भरपूर लघवी, सुस्ती ही त्याची लक्षणं. मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. हे जीवनसत्त्व शरीरात साठतं, जास्त झालेलं लघवीतून निघून जात नाही. चिठ्ठीवर ‘आठवड्यातून एकदा’ असेल, तर भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या वारावर खूण करून ठेवा.

डॉक्टरांनी कॅल्शियमची गोळी दिली असेल तर कॅल्शियम कार्बोनेट जेवणाबरोबर घ्यावं. शाळेत आठवड्याला मिळणारी निळी लोहाची गोळी आणि कॅल्शियमची गोळी एकत्र देऊ नका, मध्ये दोन-तीन तास ठेवा. दोन्ही एकाच वेळी आली की लोह नीट शोषलं जात नाही.

फीट येणाऱ्या मुलांची काही औषधं ड जीवनसत्त्व लवकर संपवतात. दमा, मूत्रपिंडाचा आजार किंवा संधिवात यांसाठी पोटातून दीर्घकाळ स्टिरॉइड घेणाऱ्या मुलांची हाडं विरळ होऊ शकतात. हे वाचून औषध मनानं बंद करू नका, त्यानं जिवाला धोका होऊ शकतो. फक्त पुढच्या भेटीत विचारा: “हाडांसाठी वेगळं काही द्यायला हवं का?” हा प्रश्न विचारायचा राहून जातो. थायरॉइडचे विकार, थॅलेसेमिया, गव्हातल्या ग्लुटेनची अ‍ॅलर्जी म्हणून ओळखला जाणारा सीलिअ‍ॅक आजार यांतही हाडं मागे पडतात. वाढ खुंटली आणि पोट सारखं बिघडतंय, तर तपासणी व्हायला हवी.

पाणी आणि रक्त

विदर्भ, मराठवाडा आणि नंदुरबारकडच्या वाचकांसाठी दोन गोष्टी. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांत बोअरवेलच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला दीड मिलिग्रॅमच्या पुढे नसावं. जास्त फ्लोराइड वर्षानुवर्षं पोटात गेलं की आधी दातांवर पांढुरके-पिवळे-तपकिरी पट्टे दिसतात, मग सांधे आखडतात, काही मुलांचे गुडघे आत वळतात. ज्यांच्या आहारात कॅल्शियम कमी, त्यांना त्रास जास्त होतो. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही. उलट पाणी आटतं आणि त्याचं प्रमाण वाढतं. गावातल्या बऱ्याच मुलांच्या दातांवर असे पट्टे असतील, तर ग्रामपंचायतीमार्फत पाणी तपासून घ्या आणि पिण्या-स्वयंपाकासाठी दुसरा स्रोत धरा.

दुसरी गोष्ट सिकलसेलची. नंदुरबार, गडचिरोली आणि विदर्भाच्या इतर भागांतल्या अनेक कुटुंबांत हा आजार आहे. त्यात हाडांचा रक्तपुरवठा अडतो, असह्य कळा येतात आणि खुब्याचा गोल सडू शकतो. सिकलसेल असलेलं मूल लंगडू लागलं किंवा मांडी-जांघेत दुखतं म्हणू लागलं, तर वाट बघू नका.

कधी दाखवायचं

वाढत्या मुलांचे पाय दुखतात, हे खरं. दोन्ही पायांच्या पोटऱ्या-मांड्या संध्याकाळी-रात्री दुखतात, चोळून दिलं की मूल झोपतं आणि सकाळी हुंदडायला लागतं. याची काळजी नसते. पण दुखणं एकाच जागी, एकाच पायात असेल, सकाळीही असेल, सूज, ताप, लंगडणं किंवा वजन घटणं सोबत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. वजनदार मुलगा गुडघा दुखतो म्हणून लंगडत असेल, तर खुबाही तपासायला सांगा. या वयात खुब्याचा गोल वाढीच्या थरापासून सरकू शकतो आणि त्याचं दुखणं गुडघ्यात जाणवतं. अशा मुलाला चालवत नेऊ नका.

दोन वर्षांपर्यंत पाय थोडे बाहेर वाकलेले, तीन-चार वर्षांचे असताना गुडघे आत वळलेले, हे बहुधा नैसर्गिक असतं आणि सातव्या वर्षापर्यंत सरळ होतं. त्यानंतरही वाक राहिला, वाढत गेला किंवा एकाच पायाला असेल, मनगटं जाड दिसत असतील, मूल उशिरा चाललं असेल, तर मुडदूस असू शकतो. मोठ्या मुलांत तो लपून राहतो: जिना चढताना मांडीवर हात टेकणं, जमिनीवरून उठताना आधार घेणं, सतत थकवा. आणि हाड पहिल्यांदा मोडलं तर मोडलं, पण दहाव्या वर्षाच्या आत दुसऱ्यांदा मोडलं, किंवा काही विशेष न होता पाठीचा मणका दबला, तर तपासणी करून घ्यावी.

यासाठी शहरातल्या मोठ्या दवाखान्यातच जावं लागतं असं नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं वैद्यकीय पथक सरकारी आणि अनुदानित शाळांत वर्षातून एकदा आणि अंगणवाडीत दोनदा येतं. त्यांच्या तपासणीच्या यादीत मुडदूस आहे आणि गरज पडली तर ते पुढे जिल्हा रुग्णालयात मोफत पाठवतात. पथक येणार त्या दिवशी मुलीची शाळा बुडू देऊ नका. जिना चढताना त्रास होतो का, हाड कधी मोडलं, कुठली औषधं चालू आहेत, पाळी नियमित आहे का, हे एका चिठ्ठीवर लिहून तिच्या वहीत ठेवून द्या. मुली डॉक्टरांसमोर बोलत नाहीत, पण चिठ्ठी देतात.